जुन्या घरगुती कॅसेट संगणकावर उतरवताना: यंत्राची निवड आणि रूपांतराची पद्धत

जुन्या घरगुती कॅसेट संगणकावर घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर शोधतात आणि कॅसेट वाजवण्यासाठी मिळेल तो व्हीसीआर किंवा हँडिकॅम वापरतात. खरे तर क्रम उलटा हवा. चित्र चांगले येणार की वाईट, हे कॅसेट ज्या यंत्रात वाजते तिथेच जवळजवळ ठरून जाते. तिथे थरथरलेले किंवा वाकडे झालेले चित्र पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने पुरते सावरत नाही. म्हणून वेळ आणि पैसा दोन्ही आधी यंत्रावर खर्च करावेत, आणि कोणते यंत्र घ्यायचे हे कपाटातल्या कॅसेट पाहूनच ठरवावे.

कोणती कॅसेट आहे, हे आधी पाहावे

आपल्याकडच्या घरांत साधारणपणे चार प्रकारच्या कॅसेट सापडतात. सर्वांत मोठी ती व्हीएचएस. जेव्हीसीने ती १९७६ साली जपानमध्ये आणली, तिची फीत १२.७ मिलिमीटर रुंद असते आणि आपल्याकडची जुनी लग्ने, मुंजी प्रामुख्याने तिच्यावरच आहेत. व्हीएचएस-सी हा तिचाच छोटा प्रकार असून तो अडॅप्टरमध्ये घालून साध्या व्हीसीआरवर वाजतो. तिसरा गट ८ मिलिमीटर फितीचा. त्यात व्हिडिओ८ (१९८५), हाय८ (१९८९) आणि डिजिटल८ (१९९९) अशा तीन पिढ्या आहेत. चौथी आणि सर्वांत लहान ती १९९५ साली आलेली मिनीडीव्ही.

व्हीएचएस-सीचा अडॅप्टर पाहिलेले लोक ८ मिलिमीटरच्या कॅसेटसाठीही तसाच अडॅप्टर शोधत फिरतात. तो अस्तित्वात नाही आणि असू शकत नाही, कारण फितीची रुंदीच वेगळी आहे. आणखी एक घोटाळा डिजिटल८मुळे होतो. कॅसेटवर ‘हाय८’ असे छापलेले असले तरी आतले चित्रण डिजिटल८ पद्धतीचे असू शकते, कारण डिजिटल८ हँडिकॅममध्ये त्याच कॅसेट वापरल्या जात. फीत अधिक वेगाने फिरत असल्याने ९० मिनिटांच्या कॅसेटवर ६० मिनिटे मावत. अशी कॅसेट जुन्या हाय८ हँडिकॅममध्ये लावली तर पडद्यावर काहीच धड दिसत नाही आणि घरातले लोक ‘कॅसेट पुसली गेली’ असे समजून ती टाकून देतात. म्हणून दोन्ही पद्धती वाचणाऱ्या यंत्रात पाहिल्याशिवाय ८ मिलिमीटरची कोणतीही कॅसेट कोरी ठरवू नये.

भारतात चित्रणाची पद्धत पाल; म्हणजे ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे. दुबईसारख्या ठिकाणाहून आलेल्या कॅसेटही पालच्या असतात. मात्र अमेरिकेत स्थायिक झालेल्या मामांनी किंवा आत्यांनी पाठवलेल्या कॅसेट एनटीएससी या तिकडच्या वेगळ्या पद्धतीच्या असतात आणि कॅसेट बाहेरून पाहून हा फरक कळत नाही. अशा कॅसेट दोन-तीनच असतील तर त्यांच्यासाठी वेगळे यंत्र विकत घेण्यापेक्षा अमेरिकेतल्या त्या नातेवाइकांकडेच त्यांचे रूपांतर करून घेणे सोपे पडते.

लग्नाच्या कॅसेटबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. शूटिंगवाल्याने घरी दिलेली कॅसेट बहुधा मिक्सिंग केलेली असते. मूळ चित्रणावर फिल्मी गाणी चढवून, मंगलाष्टकांच्या वेळी वधूवरांना हृदयाच्या आकारात बसवून तयार केलेली ती प्रत असते, आणि प्रत्येक प्रतीगणिक व्हीएचएसचे चित्र मऊ होत जाते, रंग पसरतात. मूळ कॅसेट शूटिंगवाल्याकडेच राहत आणि बहुतेकदा पुढच्या लग्नाला पुन्हा वापरल्या जात, त्यामुळे त्या मिळण्याची आशा थोडी. पण प्रती सहसा दोन असत, एक मुलीकडे आणि एक मुलाकडे. यांतली जी कमी वेळा पाहिली गेली तिची अवस्था पुष्कळ चांगली असते, तेव्हा दोन्ही घरांतून कॅसेट मागवून दोन्ही वाजवून पाहाव्यात आणि मगच एक निवडावी.

वाजवण्यापूर्वीची तपासणी

पहिले काम म्हणजे कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होणार नाही याची सोय करणे. व्हीएचएसच्या मागच्या कडेवर एक लहान प्लॅस्टिकची पट्टी असते, ती शाबूत असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने मोडून टाकावी. ८ मिलिमीटर आणि मिनीडीव्हीला सरकती कळ असते, ती रेकॉर्डिंग बंद होईल अशा बाजूला सरकवावी.

दुसरे काम बुरशी पाहण्याचे. कॅसेट उजेडात तिरकी धरून खिडकीतून आतल्या गुंडाळीची वरची बाजू पाहावी; ती एकसारखी काळी आणि तुकतुकीत दिसली पाहिजे. तिच्यावर पांढरट ठिपके, पिठासारखी भुकटी किंवा चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले फिके पट्टे दिसले तर ती बुरशी समजावी. नंतर कॅसेटच्या बाजूचे छोटे बटण दाबून पुढची झडप उचलावी आणि तिथे ताणलेल्या फितीच्या दोन्ही कडा पाहाव्यात. कोकणात आणि गोव्यात चार पावसाळे बंद कपाटात काढलेल्या कॅसेटला हे होणे अगदी नेहमीचे आहे. बुरशी लागलेली एक कॅसेट यंत्रात गेली की ती भुकटी हेडवर, म्हणजे फितीवरचे चित्र वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटनाही चिकटते, म्हणून अशा कॅसेट पहिल्याच दिवशी बाजूला काढून वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात. त्या साफ करण्याचे काम फीत उघडून करावे लागते. ते जाणकाराकडे द्यावे आणि घरी त्या हाताळताना निदान तोंडाला मास्क बांधावा.

ज्या कॅसेट स्वच्छ दिसतात त्या एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत सुरुवातीपर्यंत मागे न्याव्यात, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच जागी दबलेली फीत मोकळी होते आणि तिचा ताण सारखा होतो. असे करताना यंत्राचा आवाज जड झाला तर तिथेच थांबावे. पावसाळी दमट दिवसांत, किंवा एसीच्या खोलीतून बाहेर आणल्यावर, कॅसेट आणि यंत्र एका खोलीत काही तास ठेवूनच सुरुवात करावी. हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमवर दव धरले तर फीत त्याला चिकटून गुंडाळली जाते. चांगले हँडिकॅम अशा वेळी दवाची खूण दाखवून चालूच होत नाहीत, आणि तो बिघाड नसतो.

कोणते यंत्र घ्यावे

आजचा कोणताही नवा कॅमकॉर्डर या कामाला उपयोगी पडत नाही. नवे सर्व कॅमकॉर्डर मेमरी कार्डावर चित्रण करतात. त्यांना कॅसेटचा कप्पाही नसतो आणि जुन्या यंत्राकडून चित्र आत घेण्याची सोयही बहुधा नसते. त्यामुळे ‘एकच चांगला डिजिटल कॅमकॉर्डर घेऊ, जुने-नवे दोन्ही होईल’ हा हिशेब चुकतो. जुन्या कॅसेटसाठी जुनेच यंत्र हवे.

घरात ८ मिलिमीटरच्या कॅसेट असतील तर माझ्या मते सोनीचा डिजिटल८ हँडिकॅम ही सर्वांत समंजस खरेदी आहे. योग्य मॉडेल मिळाले तर ते व्हिडिओ८, हाय८ आणि डिजिटल८ हे तिन्ही प्रकार वाचते, जुन्या ॲनालॉग चित्राच्या ओळी सरळ करते, आतल्या आत त्याचे डिजिटल रूपांतर करते आणि आय-लिंक नावाच्या फायरवायर या डिजिटल तारेच्या जोडणीतून थेट संगणकाकडे देते. मधे वेगळे कॅप्चर उपकरण, म्हणजे चित्र संगणकात उतरवणारा जोड, लागत नाही. डीसीआर-टीआरव्ही३४०ई आणि डीसीआर-टीआरव्ही४८०ई ही अशी मॉडेल आहेत. नावाच्या शेवटी असलेला ‘ई’ ते पालचे असल्याचे सांगतो. सावधगिरी एवढीच की सोनीने काही स्वस्त डिजिटल८ मॉडेलमधून ॲनालॉग कॅसेट वाचण्याची सोय काढून टाकली होती. विकणाऱ्यालाही हे ठाऊक नसते. तेव्हा पाहायला जाताना खिशात एक जुनी व्हिडिओ८ कॅसेट न्यावी आणि ती वाजली तरच पैसे द्यावेत. दर्जाबाबत फार काटेकोर असलेले लोक हाय८साठी एस-व्हिडिओची (उजेड आणि रंग वेगवेगळे देणारी) जोडणी आणि दर्जा न गमावणारे कॅप्चर पसंत करतात, कारण डीव्ही पद्धतीत रंगाची माहिती थोडी कमी होते. बारशाच्या आणि सहलीच्या हातात धरून केलेल्या चित्रणात तो फरक शोधून काढावा लागतो. त्यासाठी दुप्पट खटाटोप करावा असे मला वाटत नाही.

मिनीडीव्हीसाठी फायरवायर असलेला कोणताही चालू स्थितीतला मिनीडीव्ही कॅमकॉर्डर चालतो, पण ज्या कॅमेऱ्यावर चित्रण झाले तोच घरात असेल तर आधी त्याचीच दुरुस्ती करून पाहावी. विशेषतः एलपी वेगाने (फीत हळू फिरवून जास्त वेळ मावेल असे) केलेल्या कॅसेट दुसऱ्या यंत्रावर चौकटी-चौकटींनी तुटक दिसतात आणि मूळ कॅमेऱ्यावर नीट वाजतात, असा अनुभव वारंवार येतो.

व्हीएचएससाठी निवड उरलेलीच नाही म्हणावी लागते. जगातली शेवटची व्हीसीआर उत्पादक कंपनी फुनाई हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे जे मिळेल ते वापरलेलेच असणार. हाय-फाय आवाजाचा, चार हेडचा आणि शक्य तर एस-व्हिडिओ बाहेर देणारा व्हीसीआर शोधावा. चित्राच्या ओळी सरळ करणारा टाइम बेस करेक्टर आतच असलेले एस-व्हीएचएस व्हीसीआर उत्तम, पण दुर्मीळ आणि महाग. त्यावर एक स्वस्त तोड आहे: पॅनासॉनिकच्या डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ सारख्या जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून चित्र केवळ आत घेऊन बाहेर काढले की वरच्या बाजूला वाकणाऱ्या ओळी पुष्कळशा सरळ होतात. काही डीव्ही कॅमकॉर्डरही व्हीसीआरचे चित्र आत घेऊन फायरवायरने पुढे देतात. मात्र युरोपात व्हिडिओ रेकॉर्डरवर जास्त आयातशुल्क लागत असल्याने पालच्या अनेक मॉडेलमध्ये ही आत घेण्याची सोय मुद्दाम बंद ठेवलेली असे, हे तपासूनच घ्यावे.

जुने यंत्र मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात मिळते. ‘चालू कंडिशन’ या शब्दावर विश्वास ठेवू नये. बिनमहत्त्वाची एक कॅसेट लावून पंधरा-वीस मिनिटे सलग वाजवावी, पुढे-मागे करावी, दोन-तीन वेळा बाहेर काढून पुन्हा घालावी. आवाज लहरत असेल तर पिंच रोलर (फीत ओढणारा रबरी रोलर) किंवा रबरी पट्टा गेलेला असतो. तो बदलता येतो आणि खर्च फारसा नसतो. ड्रमचा हेड झिजला असेल तर तो व्यवहार सोडून द्यावा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे हँडिकॅम शक्यतो टाळावेत, त्यांतले छोटे कपॅसिटर गळून सर्किट बोर्ड खराब होतात. बॅटरी मेलेली असेल तर घासाघीस करायला तो मुद्दा चांगला, पण प्रत्यक्ष काम विजेच्या अडॅप्टरवरच करायचे असल्याने तिने काही अडत नाही. अडॅप्टर मात्र सोबत हवाच.

जोडणी

डिजिटल८ आणि मिनीडीव्हीची जोडणी फायरवायरनेच करावी. यांतल्या अनेक कॅमकॉर्डरना यूएसबीचेही तोंड असते आणि तिथेच लोक फसतात: त्यातून स्थिर छायाचित्रे किंवा कमी दर्जाचे चित्रणच मिळते. बाजारात फायरवायरचे टोक एका बाजूला आणि यूएसबीचे दुसऱ्या बाजूला असलेल्या केबल मिळतात. त्यांनी हे काम होत नाही, कारण दोन्हींची भाषाच वेगळी आहे. डेस्कटॉप संगणकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेले फायरवायर कार्ड बसवणे हा खात्रीचा मार्ग. फायरवायर असलेला जुना लॅपटॉप किंवा मॅक कुणाकडे पडून असेल तर तो त्याहून सोयीचा. अगदी नव्या मॅकच्या वाटेला जाऊ नये, कारण मॅकओएस २६ मध्ये ॲपलने फायरवायरची सोयच काढून टाकली आहे. सहा पिनांचे टोक उलटे दाबून बसवले तर कॅमेऱ्याचे पोर्ट जळते, म्हणून जोडणी दोन्ही यंत्रे बंद ठेवून करावी.

विंडोजवर विनडीव्ही, लिनक्सवर डीव्हीग्रॅब ही छोटी सॉफ्टवेअर पुरतात. ती फितीवरची माहिती जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवतात; एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. या पद्धतीचा एक मोठा फायदा सहसा कुणी सांगत नाही. डिजिटल फितीवर प्रत्येक चित्रासोबत चित्रणाची तारीख आणि वेळ नोंदलेली असते, ती पडद्यावर दिसत नसली तरी फायरवायरने फाइलमध्ये येते, आणि सॉफ्टवेअर त्यावरून प्रसंगांचे वेगवेगळे तुकडेही करून देते. तीच कॅसेट पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीने घेतली तर ही नोंद कायमची जाते.

व्हीएचएससाठी यूएसबी कॅप्चर उपकरण लागते. ‘ईझीकॅप’ नावाने विकली जाणारी बहुतेक उपकरणे नक्कल असतात आणि त्यांच्या आत काय निघेल याचा नेम नसतो. आवाज पुढे-मागे होणे आणि रंग भडक येणे हे त्यांचे नेहमीचे दोष. आय-ओ डेटा किंवा हॉपॉज या कंपन्यांची उपकरणे थोडी महाग पडली तरी घ्यावीत. व्हीसीआरचे चित्र एचडीएमआयमध्ये बदलून ‘१०८०पी’ करून देणारा स्वस्त डबा मात्र घेऊ नये. तो चित्र ताणतो, ओळी एकमेकींत मिसळतो, आणि एकदा मिसळलेल्या ओळी पुन्हा वेगळ्या होत नाहीत.

कॅप्चर करताना मापे पुढीलप्रमाणे ठेवावीत: पद्धत पाल, चित्र ७२० × ५७६, सेकंदाला २५ चित्रे, इंटरलेस्ड, आवाज ४८ किलोहर्ट्‌झ. व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये हफवाययूव्हीसारखा दर्जा न गमावणारा कोडेक (चित्र साठवण्याची पद्धत) निवडावा. तासाला साधारण ३० ते ४० जीबी लागतील, पण ही फाइल मूळ प्रत म्हणून हवी आहे. व्हीसीआरचे ट्रॅकिंग (हेड आणि फितीवरची नोंद यांची जुळणी) सुरुवातीला हाताने जुळवावे. हाय-फाय आवाज करकरत असेल तर ‘नॉर्मल’ आवाज निवडून पाहावा, कारण तो फितीच्या कडेला वेगळा नोंदलेला असतो आणि पुष्कळदा तोच शाबूत असतो. कॅप्चर चालू करून बाजारात निघून जाऊ नये. फीत अडकली तर पहिल्या काही सेकंदांत थांबवणारे कुणी तरी जवळ लागते.

पाहण्याची प्रत

मूळ फाइल तशीच ठेवून तिच्यावरून रोज पाहण्याची प्रत करावी. जुने चित्रण इंटरलेस्ड असते, म्हणजे प्रत्येक चित्राच्या एकाआड एक ओळी दोन वेगळ्या क्षणांच्या असतात. आजच्या पडद्यावर हलणाऱ्या हातांच्या कडा त्यामुळे कंगव्यासारख्या दातेरी दिसतात. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेससाठी (या ओळी जुळवण्यासाठी) बीडब्ल्यूडीआयएफ निवडून त्याचा ‘बॉब’ पर्याय ठेवला की सेकंदाला ५० चित्रे मिळतात आणि हालचाल टीव्हीवर दिसायची तशी सहज राहते. एच.२६४ कोडेक आणि दर्जाचा आकडा (आरएफ) १८च्या आसपास ठेवणे पुरेसे आहे. चित्राचे प्रमाण ४:३ ठेवावे. ते रुंद टीव्हीभर ताणून सगळ्या वऱ्हाडाला जाडजूड करण्यात काय समाधान मिळते, ते मला अजून समजलेले नाही. व्हीएचएसच्या तळाशी दिसणारी थरथरती पट्टी हा दोष नसून ती जुन्या टीव्हीच्या चौकटीखाली झाकली जात असे. ती पाहण्याच्या प्रतीत काळी करावी. एआयने चित्र मोठे आणि तीक्ष्ण करणारी साधने चेहरे मेणाचे करून टाकतात. कुणाला तशी प्रत हवीच असेल तर ती वेगळी करावी, मूळ फाइलला हात लावू नये.

मिक्सिंगमधल्या फिल्मी गाण्यांमुळे अशी प्रत यूट्यूबवर चढवली की कॉपीराइटचा दावा लागतो. नातेवाइकांना पेन ड्राइव्ह देणे सोपे. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असावा, कारण जुन्या फॅट३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही.

फाइलचे नाव वर्षाने सुरू करावे, उदाहरणार्थ ‘१९९६-०५-मुंज-सातारा’, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. आणि प्रत तयार झाली की घरातल्या ज्येष्ठांना शेजारी बसवून एकदा पूर्ण पाहावी. पंगतीत वाढणारी ती कोण, पाट उचलणारा तो कोण, हे मिनिट-सेकंदासह साध्या मजकूर फाइलमध्ये लिहून चित्रणाशेजारी ठेवावे. ही माहिती कोणत्याही फितीवर नाही. मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवावी.

हे सर्व बाहेरून करून घ्यायचे असेल तर दुकानदाराला दोन गोष्टी आधीच विचाराव्यात: डीव्हीडीऐवजी मूळ कॅप्चर फाइल मिळेल का, आणि एका कॅसेटचा नमुना आधी पाहता येईल का. यांपैकी एकालाही ‘नाही’ असे उत्तर आले तर कॅसेट परत घेऊन यावे.

नव्या चित्रणासाठी कॅमकॉर्डर

फोन असताना कॅमकॉर्डर घ्यावा का, याचे उत्तर तुम्ही काय चित्रित करता यावर आहे. शाळेचे स्नेहसंमेलन, हौशी नाटक, दोन तासांचे कीर्तन, अशा ठिकाणी मागच्या रांगेतून स्टँडवर सलग चित्रण करायला कॅमकॉर्डर अजूनही फोनपेक्षा सरस आहे. तो घेताना ऑप्टिकल झूम पाहावा, डिजिटल झूमचा आकडा वाचूच नये. ‘४के’ असे ठळक लिहिलेल्या अनेक स्वस्त कॅमकॉर्डरना ऑप्टिकल झूम मुळीच नसतो. बाहेरचा माइक लावण्याची सोय आणि विजेचा अडॅप्टर लावलेला असतानाच चित्रण करण्याची सोय, या दोन्ही हव्यातच. अमेरिकेतून कुणी आणून देणार असेल तर तो सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे घेतो का, हे आधी विचारावे. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने ३० किंवा ६० चित्रांच्या कॅमेऱ्यात सभागृहातले दिवे लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवता आले तर हा त्रास बराच आटोक्यात येतो.

कॅसेटचे काम संपल्यावर जुना हँडिकॅम किंवा व्हीसीआर अडगळीत टाकू नये; चालू स्थितीतल्या यंत्राला दुसरे कुणी तरी गिऱ्हाईक शोधतच असते. विकण्याआधी मात्र प्रत्येक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आवाज चालू ठेवून पाहिलेली असावी, आणि मूळ कॅसेट सुरुवातीपर्यंत गुंडाळून, डब्यात उभ्या, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवलेल्या असाव्यात. मधेच दहा मिनिटे आवाज नाही हे यंत्र विकल्यावर लक्षात आले, तर पुन्हा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो.